माणूस शोधण्याआधी चोवीस तास मांडा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई ७६ वर्षांच्या. न्हाणीघरात पडल्या, खुबा मोडला, अर्धा सांधा बदलला, आणि पाच दिवसांत घरी सोडणार आहेत. बाबा ८१ वर्षांचे, त्यांना नऊ वर्षांपासून पार्किन्सन्स (कंपवात). घर पुण्यात कर्वेनगरात, दुसरा मजला, लिफ्ट नाही. तुम्ही बंगळुरूला, भाऊ टेक्सासला. "आसपास चांगला ब्युरो कुठला आणि चोवीस तासांची बाई किती घेते?" असं तुम्ही विचारलंय. शेवटी एक ओळ घाईघाईत जोडली आहे: आई म्हणते, परकी बाई घरात नको.

ब्युरोचं, म्हणजे घरी सेवेला माणसं पुरवणाऱ्या संस्थेचं, नाव मी सांगणार नाही. वीस वर्षं वॉर्डात सिस्टर होते, पुढची सतरा वर्षं पुण्यात घरोघरी माणसं लावून देणं, त्यांना शिकवणं आणि बिघडलं की निस्तरणं हेच करते आहे. एकाच ब्युरोतून एका घरी सोन्यासारखी बाई गेलेली आणि शेजारच्याच इमारतीत तिसऱ्या दिवशी न सांगता पळालेली, दोन्ही पाहिलंय. बहुतेक वेळा त्या दुसऱ्या घरात तिला नेमकं काय करायचं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. "पेशंट आहे, बघायचं आहे" एवढ्यावर बाई मागवलेली असते. ब्युरोवालाही मग जी मोकळी असेल ती पाठवतो.

म्हणून आज रात्री एक मोठा कागद घ्या. डावीकडे सकाळी ६ पासून दुसऱ्या सकाळी ६ पर्यंतचे तास लिहा आणि आई, बाबा असे दोन रकाने पाडा. कुठल्या तासाला कुणाला काय लागतं आणि त्यासाठी अंगात किती जोर लागतो, ते मांडा. बाबांचा रकाना भरायला आईंनाच फोन लावा. इस्पितळात पडल्या पडल्या त्या सगळं घडाघडा सांगतील, कारण नऊ वर्षं ते काम त्याच करत होत्या. तुमच्या घरात एक रुग्ण वाढला आणि त्याच दिवशी सेवा करणारं एकुलतं माणूस गेलं. घरचे ही दुसरी बाजू विसरतात आणि सगळं एका बाईवर भागवायला बघतात.

तुमचा कागद कसा होईल याचा मला अंदाज आहे. सकाळी ६ ला बाबांची पहिली गोळी. पार्किन्सन्सची लेव्होडोपा सहसा खाण्याच्या अर्धा तास आधी द्यायची असते. दूध-डाळीसारख्या प्रथिनांबरोबर गेली तर तिचा असर कमी पडतो. गोळी लांबली की पाय उचलत नाहीत, पाय उचलत नाहीत की संडासला पोचायला उशीर, आणि तिथून पुढचा सगळा दिवस घसरतो. मग संडास, दाढी, आंघोळ. दाराच्या उंबऱ्यात बाबांचे पाय जागच्या जागी चिकटत असतील. अशा वेळी नवी बाई हमखास हात धरून ओढते आणि दोघंही पडतात. ओढायचं नाही. थांबायचं, "एक-दोन, एक-दोन" मोजायचं, किंवा फरशीवर आडव्या रंगीत पट्ट्या चिकटवून पट्टी ओलांडायला सांगायचं. हे कागदावर लिहून ठेवा, कारण आईंनी ते स्वतःच शोधून काढलेलं असणार आणि कुणाला सांगितलेलं नसणार.

आईंचा रकाना सुरुवातीला जड आहे. खाली बसायचं नाही, मांडी घालायची नाही, पाय ओलांडायचा नाही, डॉक्टर सांगतील तितके दिवस. कमोड उंच हवा. वॉकरने दिवसातून चार-पाच वेळा चालवायचं आणि फिजिओचे व्यायाम. पोटरी सुजली, दुखायला लागली की लगेच डॉक्टरांना कळवायचं. रात्री स्वतःहून कूस वळवणं पहिले काही दिवस जमणार नाही. शिवाय बाबा रात्री तीन वेळा लघवीला उठत असतील, तर तेही आलंच.

आता रकाना बघा आणि मला सांगा, चोवीस तासांची एक बाई यात कधी झोपणार? चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास घरात राहणारी बाई. दिवसभर उचल-ठेव करून ती रात्री सहा-सात तास झोपली नाही, तर चौथ्या दिवशी तिच्या हातून कुणीतरी पडेल. रात्री एकदा उठावं लागलं तर ती उठते, तक्रारही करत नाही. चार-पाच वेळा उठावं लागत असेल तर दिवसाची एक आणि रात्रीची एक, अशा दोन बायका लागतात. दोन पेशंट म्हटल्यावर बरेच ब्युरो वरचे पैसे मागतात, आणि ते मागणं चुकीचं नाही. एक पेशंट सांगून बाईला दोघांचं करायला लावलंत तर ती आठवड्यात जाईल.

तुमच्या जागी मी अशी सोय लावली असती: पहिले तीन आठवडे दिवसपाळी आणि रात्रपाळी वेगळी. शिवाय रोज सकाळी तासाभरासाठी बाबांच्या आंघोळीपुरता एक पुरुष माणूस. असे लोक मिळतात. मामा म्हणा, ब्रदर म्हणा, सकाळी तीन-चार घरं करतात. ७० किलोच्या माणसाला ओल्या फरशीवर सांभाळणं एका बाईच्या कमरेचं काम नाही, आणि बाबांनाही परक्या बाईकडून आंघोळ घालून घ्यायला लाज वाटते. ती राग होऊन बाहेर पडते. तीन आठवड्यांनी आई वॉकरने स्वतः कमोडपर्यंत जायला लागल्या, बाबांच्या पलंगाशी लघवीचं भांडं रुळलं, की दोन पाळ्यांच्या जागी चोवीस तासांची एक. आंघोळीचा माणूस मात्र ठेवाच.

खर्चाचं विचारलंत. गेल्या वर्ष-दोन वर्षांत माझ्या पाहण्यात, पुण्यात साध्या मदतनीस बाईच्या एका पाळीचे महिन्याला २० ते ३० हजार रुपये होतात. चोवीस तासांची त्याहून थोडी वर, आणि तिचा चहा-न्याहारी, दोन वेळचं जेवण आपल्याकडे. बारा तासांची बाई बहुधा स्वतःचा डबा आणते, चहा आपला. शिकलेल्या नर्सचा दर याच्या बराच वर. म्हणजे पहिला महिना जड जाणार आहे, हे भावाला आजच सांगून टाका. विम्यावर विसंबू नका. नेहमीची पॉलिसी घरच्या बाईचे पैसे देत नाही. घरी उपचार घेण्याची तरतूद असते ती इस्पितळात न्यावं अशा अवस्थेतल्या रुग्णावर घरी उपचार झाले तर, सांभाळायला माणूस ठेवलं म्हणून नाही. ७० वर्षांवरच्या सगळ्यांसाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान वय वंदना कार्ड सुरू झालं, तेही इस्पितळातल्या उपचारांसाठी. दोघांचंही काढून ठेवा, पण या कामाला ते येणार नाही.

आता कुठल्या पायरीचं माणूस हवं ते. इथे सर्वात जास्त फसवणूक होते, कारण ब्युरोत सगळ्याच "सिस्टर" असतात. पांढरा कोट घातला की झालं. खरं तर तीन पायऱ्या आहेत. पहिली मावशी, जुन्या भाषेत आया: आंघोळ, डायपर, भरवणं, चालवणं, कूस बदलणं. बऱ्याच मावश्या काही न शिकता आलेल्या असतात आणि पंधरा वर्षांच्या सवयीने कुठल्याही कोर्सवालीपेक्षा चांगलं करतात. दुसरी पायरी जनरल ड्युटी असिस्टंट किंवा रुग्णसहायक, काही महिन्यांचा कोर्स केलेली. बीपी, साखर तपासणं, नळीतून भरवणं, लघवीची पिशवी सांभाळणं त्यांना शिकवलेलं असतं. तिसरी खरी नर्स: नर्सिंगचा दोन वर्षांचा एएनएम, तीन वर्षांचा जीएनएम किंवा बीएस्सीचा अभ्यासक्रम केलेली. तिची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक मागा. जिच्याकडे आहे ती ताबडतोब देते. "नंतर पाठवते" म्हणाली तर समजून जा.

तुमच्या घरी नर्सची गरज नाही. टाक्यांचं ड्रेसिंग आणि इंजेक्शन असलंच तर त्यापुरती तासभर येणारी बघा, बाकी सगळं मावशीचं काम आहे. नर्स ठेवलीत तर दुप्पट पैसे जातील आणि ती डायपर बदलायला नाक मुरडेल. उलट चूक याहून वाईट. एका ब्युरोने नाकात नळी असलेल्या आजोबांकडे "नर्स" म्हणून जी मुलगी पाठवली, ती तीन महिन्यांचा कोर्स अर्धवट सोडून आलेली होती. तिने आजोबांना आडवं ठेवूनच नळीतून दूध सोडलं. दूध फुप्फुसात गेलं आणि नऊ दिवस आयसीयू. भरवताना आणि त्यानंतर निदान अर्धा तास डोकं-छाती वर हवी, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या घरी माणूस मी लावलेलं नव्हतं, पण ब्युरोचं नाव मीच सुचवलं होतं. तेव्हापासून नावं सुचवणं बंद.

मग माणूस शोधायचं कुठे? इस्पितळाच्या फाटकाशी, लिफ्टपाशी कुणीतरी हातात कार्ड देईल. तो सहसा सुरक्षारक्षक किंवा वॉर्डबॉय असतो आणि त्याला दर माणसामागे काहीतरी मिळतं. कार्ड घेऊन ठेवा, पण सुरुवात तिथून नको. वॉर्डातल्या फिजिओला विचारा. आमच्या धंद्यात सर्वात खरी माहिती फिजिओकडे असते, कारण ते रोज आठ-दहा घरांत जातात आणि कुठल्या घरी पेशंट खरोखर चालवला जातो, कुठे नुसता बसवून ठेवतात, हे त्यांच्या डोळ्यांसमोर असतं. इस्पितळात वैद्यकीय समाजसेवक असेल तर त्यांनाही भेटा. मोठ्या धर्मादाय इस्पितळांत असतात, आणि लोक त्यांच्याकडे फक्त बिलाच्या सवलतीसाठी जातात.

मग कर्वेनगरात. घराजवळच्या मेडिकलवाल्याला फोन करा. हसू नका. मोठ्यांचे डायपर कुठल्या घरी किती जातात हे त्याला माहीत असतं, आणि ते न्यायला मावश्याच येतात. कुठलं घर नुकतंच "मोकळं झालंय", म्हणजे तिथले आजी-आजोबा गेले आणि मावशी काम शोधते आहे, ही बातमी त्याच्याकडे ब्युरोच्या आधी पोचते. माझ्या सर्वात टिकलेल्या चार-पाच मावश्या अशाच मिळाल्या आहेत. पलंग आणि वॉकर भाड्याने देणाऱ्याचंही तसंच. परिसरातल्या ज्येष्ठ नागरिक संघात बाबांचं किंवा आईंचं कुणी ओळखीचं असणारच. पुण्यात जवळपास प्रत्येक भागात असा संघ आहे. तिथे विचारताना "चांगली बाई आहे का" असं विचारू नका. "तुमच्याकडे होती ती का गेली?" असं विचारा. खरी माहिती त्या उत्तरात असते.

बाबांसाठी पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाशी जोडून घ्या. रुग्ण आणि घरचे दोघंही तिथे येतात आणि पार्किन्सन्सचा माणूस सांभाळलेली बाई कुणाकडे आहे हे तिथे कळतं. अशी बाई मिळाली तर दोन-तीन हजार जास्त मागितले तरी घ्या. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ ही आहे. ते बाई पाठवत नाहीत, पण जवळच्या सेवा आणि संस्थांची माहिती देतात, आणि एकट्या म्हाताऱ्या जोडप्याची अडचण ऐकून घेतात. तुम्ही बंगळुरूहून थेट लावलात तर तिथली लाइन लागेल, म्हणून आईंच्या फोनवरून कुणाला तरी लावायला सांगा. तुमच्या घरी कॅन्सर नाही, पण हे उत्तर वाचणाऱ्यांत कुणाच्या घरी असेल, तर वारज्याला सिपलाचं पॅलिएटिव्ह केअर (दुखणं-त्रास कमी करणाऱ्या सेवेचं) केंद्र आहे. १९९७ पासून ते विनामूल्य काम करतं, आणि घरच्यांना सेवा कशी करायची हेही शिकवतं.

पुण्याबाहेरच्यांसाठी एक बाजूची गोष्ट. लहान गावात ब्युरो नसतो म्हणून लोक हात टेकतात. तिथे आरोग्य उपकेंद्राच्या सिस्टरला किंवा आशाताईला विचारावं. घरी राहून सेवा करणं हे त्यांचं काम नाही, तसं त्यांच्याकडून करून घेऊही नये, पण गावात कुणी सासू-सासऱ्यांचं नीट केलं आणि आता चार पैशांची गरज आहे, हे त्यांना ठाऊक असतं. मिरजेसारख्या गावात तर मिशन हॉस्पिटलपासूनची परंपरा असल्याने निवृत्त सिस्टरांची वाण नाही.

एवढं करूनही ब्युरोकडे जावं लागेलच, निदान रात्रपाळीसाठी. फोनवर दर विचारण्याआधी तुमचा कागद वाचून दाखवा. ऐकून घेणारा ब्युरो चांगला. "हो हो, सगळं करेल" म्हणणारा नको. मग एवढंच विचारा: ती एखाद्या सकाळी आली नाही तर किती वाजेपर्यंत बदली येईल, आणि बदलीला आधीचं घर कोण समजावणार? तिच्या हातात किती पडतात? हा दुसरा प्रश्न ब्युरोवाल्यांना आवडत नाही. तरी विचारा, नाहीतर पहिल्या आठवड्यात तिलाच विचारा. तुम्ही दिवसाला हजार देताय आणि तिला त्यातले सहाशे मिळत असतील, तर दुसरीकडे सातशे मिळाले की ती जाणार, आणि त्यात तिचं काय चुकलं?

महिन्याचे सगळे पैसे आगाऊ देऊ नका. आठवड्याचे द्या, पावती घ्या. अनामत मागितली तर ती कधी आणि कशी परत मिळेल हे लिहून घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलेलं चालेल. "आमची बाई परस्पर ठेवायची नाही" अशी अट बहुतेक जण घालतात, ती पाळा. आधारची प्रत, फोटो, गावाकडचा पत्ता घ्या आणि पोलीस चौकीत माहिती द्या. पुण्यातल्या बऱ्याच मावश्या लातूर, नांदेड, बीड, परभणीकडच्या आहेत. गौरी-गणपती, दिवाळी आणि मेमधली लग्नं, या तीन वेळी अर्धं पुणे बाईविना असतं. त्या तारखा आजच कॅलेंडरवर करा आणि तेव्हा तुमच्यापैकी कुणी यायचं ते ठरवा. ऐनवेळी तिला जाऊ नको म्हणणं हा मार्ग नाही. वर्षभर ती तुमच्या आईजवळ आहे, तिच्या घरीही आई आहे.

बाई ठरली की तिला इस्पितळातच बोलवून घ्या, डिस्चार्जच्या आदल्या दिवशी. एका दिवसाचे पैसे जादा जातील, जाऊ द्या. फिजिओ आईंना पलंगावरून कसं उठवतात, कुठल्या बाजूने उतरवतात, वॉकर कुठे धरतात, हे तिने बघितलं आणि एकदा त्यांच्यासमोर करून दाखवलं, तर पुढचे पंधरा दिवस निश्चिंतीचे.

पहिले तीन दिवस तुम्ही स्वतः घरी हवंच. रजा काढा. डिस्चार्जच्या दिवसापेक्षा त्यानंतरच्या तीन दिवसांना रजेची जास्त गरज आहे, मात्र बहुतेक मुलं उलट करतात. तासांचा कागद मोठ्या अक्षरांत लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवा. मावशीला वाचता येत नसेल तर सूर्य, चंद्र, पेला, गोळी अशी चित्रं काढा. लाज वाटायचं कारण नाही, मी सुशिक्षित घरांतही हेच करते, कारण रात्री दोन वाजता चित्र लवकर कळतं. गोळ्या तुम्हीच आठवड्याच्या डबीत भरून जा. एक शंभर पानी वही: पाणी किती, लघवी किती वेळा, शौच झालं का, झोप कशी, कोण आलं-गेलं. पार्किन्सन्सला बद्धकोष्ठता पाठ सोडत नाही, म्हणून शौचाचा रकाना रिकामा ठेवू देऊ नका. आणि वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने लिहा: बाबांना पार्किन्सन्स आहे, उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड देऊ नये, त्याने पार्किन्सन्स बिघडतो. रात्री-अपरात्री एखादा नवा डॉक्टर उलटीवर हे इंजेक्शन सर्रास देऊन जातो, आणि मावशीला "ही ओळ दाखवा" एवढं सांगून ठेवलं की पुरे.

सोनं, रोख, बँकेची कागदपत्रं पहिल्या दिवसाआधी कुलपात. तुमची वस्तू जाऊ नये हे आहेच, पण त्याहून जास्त तिच्यावर आळ येऊ नये म्हणून. माझ्या समोर एका घरात पाटली हरवल्याचा गहजब झाला, मावशीला चौकीत नेलं. पाटली दोन महिन्यांनी आजींच्या उशीच्या अभ्र्यात सापडली. मावशीची माफी मागायला कुणी गेलं नाही.

कॅमेरा लावायचा असेल तर तिला सांगून, आणि हॉलमध्ये. आई-बाबांचे कपडे बदलतात त्या खोलीत नको. तुमच्या फोनवर ते चित्र असणं त्यांनाही आवडणार नाही. शिवाय कॅमेऱ्यात जे दिसायला हवं ते दिसत नाही. व्हिडिओ कॉलवर चेहऱ्यापेक्षा टाचा दाखवायला सांगा, आणि माकडहाडाची जागा. लाली दिसली आणि बोटाने दाबून फिकी होत नसेल तर पडून राहिल्याने होणारा घाव (बेडसोर) सुरू झालाय. दर दोन तासांनी कूस बदलली जात नाहीये असा त्याचा अर्थ. दिवसा आई फार झोपाळू वाटल्या तर गोळ्यांची डबी मोजायला सांगा. आणि मावशी खोलीत आली की बाबांचं बोलणं थांबत असेल, तर तेव्हा फोन ठेवून शेजाऱ्यांना वर पाठवा. लांबून एवढंच करता येतं. म्हणून शेजारचं एक घर, आठवड्यातून दोनदा न सांगता डोकावणारं, हे ब्युरोइतकंच आधी ठरवायला हवं. फुकट मागू नका. त्यांच्या मुलांना खाऊ, त्यांच्या म्हाताऱ्यांची विचारपूस, हे चालू ठेवा.

सूचना एकानेच द्यायच्या. पैसे भाऊ पाठवो किंवा तुम्ही, मावशीशी आणि ब्युरोशी बोलणारं माणूस एकच. टेक्सासहून रात्री एक, बंगळुरूहून सकाळी दुसरं आणि पलंगावरून आईंचं तिसरं, यात कुठलीही बाई वेडी होईल.

आता आईंचं "परकी बाई नको". त्यांच्या मनात भीती दोन प्रकारची असते. एक, स्वयंपाकघर हातचं जाईल. दुसरी, मुलांनी बाई ठेवली म्हणजे मुलं येणार नाहीत. दुसरीवर तुमच्या रजेखेरीज उपाय नाही. पहिलीवर आहे: बाई बाबांसाठी ठेवली आहे असं सांगा, ते खरंही आहे. "आई, बाबांचं कसं करायचं हे तिला तूच शिकव, पंधरा दिवस बघ, नाही पटली तर तू म्हणशील तशी बदलू." नऊ वर्षांचं त्यांचं शहाणपण विचारात घेतलं जातंय म्हटल्यावर त्या खुर्चीत बसून हुकूम सोडायला लागतात, आणि हुकूम सोडणारा पेशंट लवकर बरा होतो असा माझा अनुभव आहे. स्वयंपाकाला वेगळी बाई असू द्या. मावशीकडून दोन्ही कामं करून घ्यायचा मोह आवरा. डायपरच्या हातांनी पोळ्या, यावर आईंचा आक्षेप रास्तच आहे.

पण एक आक्षेप मी ऐकून घेत नाही. फोनवर "आमच्यात चालेल अशीच पाठवा" असं कुणी म्हणालं की मी फोन ठेवते. जिच्या हातांनी तुमची आई स्वच्छ होणार, तिला वेगळा कप देणाऱ्या घरी मी माणूस पाठवलेलं नाही आणि पाठवणार नाही. तिला झोपायला गादी, पंखा, कडी लागणारं बाथरूम आणि दिवसात दोन तास पाठ टेकायला, हे आधी ठरवा. आठवड्याची सुट्टीही ठरवा. १९८० मध्ये पुण्यातल्या घरकामगार बायकांनी संप केला, पुढे २००८ मध्ये राज्यात त्यांच्यासाठी कल्याण मंडळाचा कायदाही झाला, पण घरात राहून रुग्ण सांभाळणाऱ्या बाईच्या सुट्टीचा प्रश्न आजही प्रत्येक घर आपल्या मर्जीने सोडवतं. आणि एखादे आजोबा आजाराने म्हणा किंवा स्वभावाने म्हणा, नको तिथे हात लावतात. मावशीने तसं सांगितलं तर "म्हातारं माणूस आहे" म्हणून हसण्यावारी नेऊ नका. तिथे पुरुष माणूस ठेवा. २०१३ चा कामाच्या ठिकाणच्या छळाविरुद्धचा कायदा घरकामगारांनाही लागू आहे, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे ती तक्रार करू शकते.

शेवटचं, आणि हे आजच करा. शेजाऱ्यांना तुमच्या न्हाणीघराच्या आणि संडासाच्या दाराचं माप घ्यायला सांगा. कर्वेनगरच्या जुन्या इमारतींत ही दारं बऱ्याचदा दोन फुटांची असतात. वॉकर आत जात नाही, आणि ते डिस्चार्जच्या संध्याकाळी, आईंना घाईची लागली असताना कळतं. दार अरुंद असेल तर पलंगाशेजारी ठेवायची कमोड-खुर्ची भाड्याने सांगून ठेवा. आईंना दुसऱ्या मजल्यावर चढवायला चार माणसं आणि एक मजबूत, हात असलेली खुर्ची लागेल. अ‍ॅम्ब्युलन्सवाला सहसा दोनच माणसं देतो, तेव्हा सोसायटीतली दोन तरुण मुलं त्या दिवशी संध्याकाळी घरी आहेत का, तेही विचारून ठेवा.